ज्याची त्याने बनवावी

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मागच्या महिन्यात घरी जेवायला बोलावलं होतं. आम्ही पॅरिसच्या एकाच उपनगरात राहतो, सकाळची गाडीही एकच, त्यामुळे ओळख जुनी. पण घरी जायचा योग काही येत नव्हता, तो आला. हा गृहस्थ मूळचा मार्टिनिकचा. मार्टिनिक म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं फ्रान्सच्या ताब्यातलं एक बेट, आपल्या गोव्याच्या एक तृतीयांशही नाही. गंमत म्हणजे ह्याचं आडनाव तमिळ आहे, फ्रेंच स्पेलिंगमध्ये अडकलेलं. पहिल्यांदा ईमेलवर ते नाव पाहिलं तेव्हा मी खुशाल समजून चाललो होतो की कोणी तरी पाँडिचेरीचा माणूस भेटणार. भेटला तो सहा फुटी, क्रिओल बोलणारा, भारताचं तोंडही न पाहिलेला माणूस. त्या गोष्टीकडे पुढे येतोच.

जेवणाआधी त्याने टेबलावर काही वस्तू मांडल्या. पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी एक बाटली, उसाच्या पाकाची दुसरी बाटली, हिरवी लिंबं, छोटे पेले, चमचे. आणि मग तो चक्क हात बांधून बसला. पाहुण्याला पेला भरून द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. बाटली पुढे सरकवायची आणि म्हणायचं, 'ज्याने त्याने आपलं मरण आपणच बनवावं.' हे फ्रेंचमध्ये म्हणतात आणि हसत हसत म्हणतात. मी लिंबाकडे हात नेला तसा तो म्हणाला, "थांब. तुला चवीचं कौतुक आहे ना? मग आधी नुसती घे. काही न घालता."

म्हणून नुसती घेतली. पेला नाकाशी नेला आणि क्षणभर गोंधळलोच. रसवंतीत चरकापाशी उभं राहिलं की बाजूच्या चिपाडाच्या ढिगातून जो हिरवा, ओला, किंचित आंबूस वास येतो ना, तोच! शंकाच नको. त्यामागे लिंबाच्या सालीचा वास, पाऊस पडून गेलेल्या गवताचा वास. आता जीभ गोडाची वाट बघत बसलेली, आणि पहिल्या घोटाला गोड म्हणून काही नाहीच. आधी जाळ (पन्नास टक्के अल्कोहोल, गंमत नाही), मग पांढरी मिरी, मग खारवलेल्या ऑलिव्हसारखी एक खारट छटा, आणि सगळं ओसरल्यावर पुन्हा तो उसाचा हिरवा वास, बराच वेळ रेंगाळणारा. थोडं पाणी घातलं तर मिरी मागे सरते आणि हिरवेपणा आणखी पुढे येतो.

आपली रमची ओळख हॉस्टेलवरची. काळपट, व्हॅनिलाचा वास असलेली, कोलात बुडवलेली. ती काय किंवा जगात इतरत्र मिळणारी बहुतेक रम काय, मळीची असते. साखर काढून झाल्यावर जे उरतं ती मळी, ती आंबवायची आणि गाळायची. मार्टिनिकची ही रम मळीची नव्हे, थेट रसाची. तिला तिकडे 'रम आग्रिकोल' म्हणतात. आग्रिकोल म्हणजे शेतीची, शेतकी. कारखान्याची ती 'अँदुस्त्रिएल', शेताची ती 'आग्रिकोल'.

रस नाशवंत, त्यामुळे सगळी घाई असते. ऊस तोडला की लवकरात लवकर चरकात गेला पाहिजे, नाही तर तो आपला आपणच आंबायला लागतो. रस गाळून, यीस्ट घालून एक-दोन दिवस, फार तर आणखी थोडं आंबवायचा. मग तांब्याच्या उभ्या नळकांड्यातून, एकामागोमाग एक ताटल्या असलेल्या खांबातून, तो सलग गाळला जातो. इंधन काय, तर चिपाडच. खाली येणारी धार पासष्ट ते पंचाहत्तर टक्क्यांची. एक टन उसापासून साधारण शंभर लिटर रम मिळते, पंचावन्न टक्क्यांची धरली तर. पांढरी रम लाकडी पिंपात मुरवत नाहीत. किमान सहा आठवडे टाकीत विसावू द्यायची, हळूहळू पाणी घालून उतरवायची आणि बाटलीत भरायची. पिंप नाही म्हणजे व्हॅनिला नाही, रंग नाही, झाकपाक करायला काही नाही. ऊस चांगला नसेल किंवा आंबवताना हयगय झाली असेल तर ते लगेच कळतं. १९९६ साली फ्रान्सने हे सगळे नियम कायद्यात बसवले आणि आपल्या नामांकित वाइनना असतो तसा उगमस्थानाचा दर्जा मार्टिनिकच्या ह्या रमला दिला.

तर अशी ही 'शुद्ध', 'मातीशी इमान राखणारी' वगैरे रम. बाटलीमागच्या मजकुरात हे शब्द असतातच. घरी येऊन मी जरा वाचायला बसलो तेव्हा कळलं की ही शुद्धता कोणी हौसेने शोधून काढलेली नाही. ती गळ्याशी आलं म्हणून जन्माला आली.

मुळात मार्टिनिकमध्ये फ्रेंच आले ते १६३५ मध्ये. ऊस तिथला नव्हे. आपल्याकडून अरबांमार्फत भूमध्य समुद्रापर्यंत गेलेला हा प्रवासी १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियनला पोचला. (साखर, शुगर, फ्रेंच 'स्युक्र', सगळ्यांची आजी आपली शर्करा.) उसामागोमाग आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आले. साखर युरोपला जायची आणि मळीपासून, रसावरच्या फेसापासून एक जहाल दारू गाळली जायची, तिला 'ताफिया' म्हणत. लाबा नावाचे एक डॉमिनिकन पाद्री १६९४ मध्ये बेटावर आले. त्यांनी मठाचा साखरमळा चालवला, गुलाम राखले, आणि पुढे प्रवासवर्णनात लिहून ठेवलं की ही दारू उग्र, वाईट वासाची, गुलामांच्या आणि गरिबांच्या कामाची. १७१३ मध्ये तर फ्रान्सच्या राजाने द्राक्षाची सोडून इतर दारूंच्या व्यापारावर बंदीच घातली; ब्रँडीवाल्यांना त्रास नको म्हणून. थोडक्यात, रमला कुणी विचारत नव्हतं. मान होता तो साखरेला.

त्या साखरेचा मान उतरवला कोणी? ह्यात इतिहासाने एक खोडी करून ठेवली आहे. नेपोलियनची पहिली बायको जोसेफीन मार्टिनिकची, तिथल्या साखरमळ्याच्या मालकाची मुलगी. नेपोलियनच्या १८०२ च्या कायद्याने फ्रेंच वसाहतींतली गुलामी कायम राहिली. आणि त्याच नेपोलियनने, इंग्रजांच्या आरमारामुळे वसाहतींची साखर मिळेनाशी झाली तेव्हा, १८११ मध्ये फ्रान्समध्ये बत्तीस हजार हेक्टरांवर बीट लावायचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ पासीला देलेसेर नावाच्या कारखानदाराने बिटाची साखर करून दाखवली, तेव्हा स्वारीने खूष होऊन आपल्या छातीवरचं पदक काढून त्याच्या कोटाला लावलं म्हणतात. तोपर्यंत जोसेफीनशी काडीमोड झालेला होता. बायकोच्या बेटाची साखर उठवायची सोय अशी नवऱ्याने करून ठेवली.

बीट लगेच जिंकलं नाही. पण एकोणिसावं शतक सरत गेलं तशी युरोपातली बिटाची साखर वाढत गेली आणि १८८० च्या दशकात जगातले साखरेचे भाव कोसळले. मार्टिनिकमध्ये तेव्हा वाफेवर चालणारे मोठे कारखाने उभे राहिले होते. छोट्या मळेवाल्यांना ना त्यांच्याशी बरोबरी करता येत होती, ना साखर करून खर्च निघत होता. मग शेतात उभ्या उसाचं करायचं काय? साखर करायचीच नाही, सगळा रस थेट आंबवायचा आणि गाळायचा. अडचणीतून काढलेला मार्ग तो हा. तेव्हा तिला मळेवाल्यांची रम म्हणत. बंदरात खरी पत होती ती सें-पिएर शहरातल्या मळीच्या रमची.

सें-पिएर म्हणजे त्या काळातलं रमचं मोठं केंद्र. शहरात डझनावारी भट्ट्या. आणि मागे पेले नावाचा ज्वालामुखी. ८ मे १९०२ च्या सकाळी आठच्या सुमाराला तो फुटला आणि काही मिनिटांत शहर भाजून निघालं. अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं गेली. शहरातून जिवंत निघालेल्यांत एक तुरुंगातला कैदी होता, जाड भिंतींच्या कोठडीमुळे वाचलेला. पुढे तो अमेरिकेतल्या सर्कशीत स्वतःच्या जखमा दाखवत फिरला. देपाझ घराण्याचा एक तरुण मुलगा बोर्दोला शिकायला होता म्हणून वाचला. त्याने परत येऊन त्याच डोंगराच्या उतारावर नव्याने मळा आणि भट्टी उभी केली, १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना रम लागत होती. बंदरातल्या मळीच्या भट्ट्या राखेत गेलेल्या, मागणी वाढलेली, आणि मळ्यांवरच्या रसाच्या भट्ट्या शिल्लक. मागच्या बाकावरची पोर अशी पुढे आली.

ह्या रमचा जनक म्हणून ओमेर क्लेमाँ ह्यांचं नाव सांगतात. जनक वगैरे शब्द बाजाराचे, पण माणूस मोठा होता. गुलामी संपल्यानंतर चार वर्षांनी, १८५२ मध्ये, गोऱ्यांत न मोडणाऱ्या साध्या कुटुंबात जन्म; पॅरिसला जाऊन डॉक्टर झाले; ल फ्राँस्वा गावाचे महापौर, पुढे फ्रेंच संसदेत. १८८७ मध्ये, म्हणजे साखरेचा बाजार उठलेला असताना, त्यांनी एक मळा विकत घेतला, आणि महायुद्धाच्या काळात तिथे रम गाळायला लागले. त्याच मळ्याच्या घरी १९९१ मध्ये मितेराँ आणि थोरले बुश भेटले होते. पाच वर्षं आधी, १९८६ मध्ये, मळा एका जुन्या गोऱ्या मळेवाल्या घराण्याच्या उद्योगसमूहाकडे गेला होता. असो.

आता 'आग्रिकोल' ह्या शब्दाकडे परत येतो. शेतीची रम. पण शेती कोण करत होतं?

मार्टिनिकची गुलामी १८४८ मध्ये संपली. पॅरिसहून हुकूम निघाला होता, पण तो घेऊन येणारं जहाज अजून समुद्रात होतं. २२ मे रोजी सें-पिएरमध्ये गुलामांनी उठाव केला आणि २३ मे रोजी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावीच लागली. सत्तर हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. पुढच्या वर्षी सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला. भरपाई मालकांना. मोकळं झालेल्यांना काही नाही. (२०२० मध्ये, बरोबर २२ मे रोजी, मुक्तीच्या हुकमामागचे फ्रेंच नेते व्हिक्तोर शेलशेर ह्यांचे पुतळे मार्टिनिकच्या तरुणांनी पाडले. आमची मुक्ती आम्ही घेतली, कोणी दिली नाही, हे त्यांचं म्हणणं. जोसेफीनचा पुतळा १९९१ पासून बिनमुंडक्याचा उभा होता, तोही दोन महिन्यांनी गेला.)

मोकळी झालेली माणसं पडेल त्या मजुरीवर उसात राबायला तयार होईनात, तेव्हा मालकांची नजर आपल्याकडे वळली. ६ मे १८५३ रोजी 'ओरेली' नावाचं जहाज पाँडिचेरीकडून तीनशेहून जास्त माणसं घेऊन मार्टिनिकला लागलं. पुढच्या तीसेक वर्षांत पंचवीस हजारांच्या वर भारतीय गेले, बहुतेक तमिळ मुलखातले, पाँडिचेरी आणि कारैकालहून. पाच वर्षांचा करार, परतीचं तिकीट कागदावर. तिथल्या जेवणात 'कोलोंबो' नावाची एक रस्सा भाजी आहे, तिच्या मसाल्यात धणे, जिरं, हळद, मोहरी. आमच्या जेवणात त्या रात्री तीच होती. आणि माझ्या ह्या मित्राचं आडनाव तिथूनच आलेलं. "पणजोबांचे वडील आले," तो म्हणाला, "तिकीट काही वापरलं नाही."

त्याची आजी उत्तरेकडच्या बास-प्वँत गावची. उसाच्या फडात ती 'आमारेझ' होती. पुरुष कोयत्याने ऊस तोडत पुढे जाणार, त्याच्यामागे एक बाई वाकून ऊस गोळा करणार आणि उसाच्याच वाढ्याने मोळी बांधणार. तिचं नाव आमारेझ, बांधणारी. हे ऐकताना मला फार लांब जावं लागलं नाही. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. फरक एवढाच की तिकडे बांधणारीला निदान वेगळं नाव तरी आहे.

ती वीस-एक वर्षांची असताना, सप्टेंबर १९४८ मध्ये, बास-प्वँतच्या एका मळ्यावर मजुरीवरून संप झाला. मळ्याचा गोरा व्यवस्थापक पिस्तूल घेऊन संपकऱ्यांसमोर गेला. झटापट झाली आणि तो उसातच कोयत्यांच्या घावांनी मेला. पोलिसांनी उसाचे फड पिंजून काढले आणि सोळा मजूर धरले, काही आफ्रिकी वंशाचे, काही भारतीय. तीन वर्षं कोठडी. खटला बेटावर नाही, समुद्रापार बोर्दोला चालवला. म्हणजे ज्या बंदराची श्रीमंती साखरेवर आणि गुलामांच्या व्यापारावर पोसली गेली होती, तिथेच. घाव नेमके कोणाचे, हे सोळांपैकी एकानेही सांगितलं नाही. वकिलांनी खटला उलटा फिरवून मळ्यांच्या व्यवस्थेलाच पिंजऱ्यात उभं केलं, आणि ऑगस्ट १९५१ मध्ये सोळाही सुटले. "आजीला माहीत होतं का, कोणी मारलं?" मी विचारलं. "होतं बहुतेक," तो म्हणाला. "आम्ही विचारलं की ती भांडी घासायला उठायची."

त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग त्याने लिंबू कापलं. ती-पाँश म्हणजे 'छोटं पंच' बनवायची ही त्याची पद्धत: लिंबाच्या कडेची एक जाड चकती, सालीसकट, पेल्यावर दाबून आत टाकायची. अर्धा चमचा उसाचा पाक. दोन बोटं पांढरी रम. चमच्याने ढवळायचं. बर्फ नाही. ह्यात कमाल सालीची आहे. सालीतलं तेल रमच्या हिरव्या वासाला जाऊन भिडतं आणि पाक मिरीचा तिखटपणा तेवढा बोथट करतो. रस, पाक, रम, सगळा उसाचाच कारभार, लिंबू मध्ये साक्षीला. रसवंतीवाला रसात लिंबू का पिळतो ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

दुसरा पेला डायकिरी. हे मूळचं क्युबाचं, तिथल्या एका खाणीच्या गावाच्या नावाचं, आणि त्यात तिकडची हलकी मळीची रम असते. तीच कृती ह्या रसाच्या रमने केली: साठ मिली रम, पंचवीस लिंबाचा रस, वीस पाक, बर्फासकट दणकून हलवायचं आणि गाळून घ्यायचं. क्युबाच्या रमने ते गुळगुळीत लागतं, ह्या रमने त्याला दात येतात. थंडीमुळे मिरी दबते, पण गवताचा वास लिंबाच्या वर तरंगत राहतो. अननसाचा आणि संत्र्याचा रस घालून प्लँटर्स पंचही केलं. छान लागलं, मुलांच्या वाढदिवसाला देतात तसं. त्यात रम कुठली होती, हे कोणाला सांगता आलं नसतं. मळेवाल्याचं पंच! नावात तरी प्रामाणिकपणा आहे.

मी नुसत्या रमचं कौतुक करत होतो. पिंप नाही, साखर नाही, बर्फ नाही, उसाची खरी चव ती हीच, वगैरे. मित्र ऐकून घेत होता. शेवटी मी विचारलं, आजी घ्यायची का?

"दर रविवारी. एकच. तीन चमचे पाक घालून."

"तीन?"

"नुसती पिणाऱ्यांना ती हसायची. म्हणायची, आयुष्यभर साखर बांधली, आता घरात आहे तर ह्यांना घालायला काय होतं?"

निघताना त्याने उरलेली बाटली माझ्या हातात दिली. रविवारी दुपारी मी एक पेला आजीच्या पद्धतीने बनवून पाहिला, मोजून तीन चमचे पाक घालून. खरं सांगायचं तर मला फार गोड लागला. पण टाकवेना. बसून संपवला.